वर्ष संपताना दिवस हातातून का सुटतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय सोळा. शाळेचं वर्ष संपायला पाच आठवडे उरलेत. समोर वार्षिक परीक्षा, दोन अर्धवट प्रकल्प आणि काही विषयांच्या अपुऱ्या वह्या. रात्री दीड-दोनपर्यंत जागरण, सकाळच्या तासांना पेंग, आणि घरी आल्यावर टेकलेलं डोकं वर निघतं ते संध्याकाळी सातला. वेळापत्रकं अनेक झाली, दोन दिवसांपलीकडे एकही टिकलं नाही. जवळची मैत्रीण पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाणार आहे, आणि ‘त्याचा विचार करायलाही वेळ नाही’ असं एक वाक्य मध्येच येऊन गेलंय. शेवटी विचारलंय: ‘मी आळशी झालेय का? रोजचा दिवस नक्की कसा आखू?’

मी आधी वर्गात शिकवत होते, आणि आता बरीच वर्षं शाळेत मुलांशी बोलण्याचं, समुपदेशनाचं काम करते. वर्षअखेरीला माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळजण हेच विचारतात, आणि ‘आळशी’ हा शब्द त्यांनी स्वतःला आधीच लावून घेतलेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तू आळशी झालेली नाहीस. वर्षभर तुझा दिवस तू एकटी चालवत नव्हतीस. घंटा वाजली की विषय बदलायचा, गुरुवार आला की त्या विषयाची वही द्यायची, घटक चाचणी आली की तेवढे धडे वाचायचे. दिवसातले असंख्य छोटे निर्णय शाळा तुझ्यासाठी घेत होती. वर्षाच्या शेवटी हे सगळं सैल होतं. शिकवणं संपतं, तास ऑफ जातात, काही दिवस फक्त उजळणीचे असतात, काही सुट्टीचे. वेल वर्षभर मांडवावर चढलेला असतो. मांडव काढला की तो जमिनीवर पसरतो, त्यात वेलाची काही चूक नसते. तुझ्याकडे वेळ कमी आहे हा खरा प्रश्न नाही. दिवसाला कडा उरलेल्या नाहीत, आणि त्या जागी तू एकदम अर्ध्या-अर्ध्या तासांचं भरगच्च वेळापत्रक बसवू पाहतेस. ते पहिल्याच उशिरा कोसळतं. सकाळचा एक तास हुकला की पुढचं सगळं चुकीचं ठरतं, आणि मग ‘आजचा दिवस गेलाच’ म्हणून उरलेले दहा तासही जातात.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. शाळा किती वाजता भरते, घरी स्वतःचा कोपरा आहे का, धाकट्या भावंडांकडे किंवा घरकामाकडे बघावं लागतं का, प्रवासात किती वेळ जातो. वाचायला-लिहायला आधीपासून अडचण असेल किंवा एखादं औषध चालू असेल तर झोपेचं आणि अभ्यासाचं गणित वेगळं होतं. तेव्हा खाली लिहितेय त्यातल्या वेळा जशाच्या तशा उचलू नकोस. त्यामागचं कारण कळलं की वेळा तुझ्या तू बसवशील.

आधी झोप. कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

वयात आल्यावर शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे सोळाव्या वर्षी रात्री नऊला झोप येत नाही, हे जगभर सगळीकडेच दिसतं. मेरी कार्स्काडन या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात मुलांना उन्हाळी शिबिरात ठेवून त्यांची झोप वर्षानुवर्षं मोजली. मुलं मोठी होतात तशी त्यांना कमी झोप पुरते, अशी तेव्हाची समजूत होती. तिला आढळलं की भरपूर वेळ दिला तर वयात आलेली मुलंही नऊ तासांच्या आसपास झोपतात. गरज कमी होत नाही, फक्त वेळ उशिरावर जाते. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षं वयासाठी रोज ८ ते १० तासांची शिफारस केली, आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याआधी २०१४ मध्येच म्हटलं होतं की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आत भरू नये. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून बहुतेक हायस्कूलांसाठी तसा कायदाच लागू आहे. तुझ्या शाळेची वेळ तुझ्या हातात नाही, हे मला कळतं. पण रात्री अकरापर्यंत झोप न येणं हा तुझा दोष नाही, एवढं मनाशी पक्कं कर.

दोन वाजणं मात्र फक्त वयामुळे होत नाही. तुझ्या वर्णनात त्याचं कारण स्पष्ट आहे: शाळेतून आल्यावरची ती तीन-चार तासांची झोप. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. संध्याकाळी सातपर्यंत झोपलीस की ही ओढ जवळजवळ संपते, मग बारा वाजता पडलीस तरी झोप येणार कुठून? त्यात रात्रीचा प्रखर प्रकाश घड्याळाला आणखी पुढे ढकलतो. चहा-कॉफी घेत असशील तर कॅफीन त्याच ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेलं मध्यरात्री अर्धं शिल्लक असतं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी झोपायची वेळ ठरवायला सांगतच नाही. झोप हुकमाने येत नाही, आणि ‘अकरा वाजले, अजून झोप नाही’ या काळजीनेच ती आणखी लांबते. उठायची वेळ मात्र आपल्या हातात असते. ती एकच ठेवायची, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासभर उशीर. उठल्यावर लगेच उजेडात जायचं, अंगणात, गच्चीवर, काही नाही तर खिडकीशी. सकाळचा उजेड घड्याळ मागे ओढतो. दुपारची झोप पूर्ण बंद करायची गरज नाही. गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं, आणि शक्यतो चारच्या आत. यापेक्षा जास्त वेळ झोपलीस तर गाढ झोपेतून उठल्याचा जडपणा तासभर राहतो. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात, ते आधीच सांगून ठेवते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला डोळे मिटतील. त्या वेळी बसून वाचायचं काम घेऊ नकोस, चालायला जा, स्वयंपाकघरात मदत कर, उभ्याने करायचं काहीही. आठवडाभरात रात्रीची झोप आपणहून अलीकडे येऊ लागते.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याबद्दल मुलं नेहमी वाद घालतात, ‘मला चालतं’ म्हणतात. १९६३ च्या डिसेंबरअखेरीला सॅन डिएगोतला रँडी गार्डनर नावाचा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा विज्ञान प्रदर्शनासाठी मुद्दाम जागा राहिला, तब्बल ११ दिवस. तो जगला, नंतर झोपून उठला, म्हणून त्याचं उदाहरण ‘काही होत नाही’ या बाजूने दिलं जातं. पण त्याच दिवसांत त्याची चिडचिड, एकाग्रता आणि तात्पुरती स्मरणशक्ती बिघडत गेल्याची नोंद आहे. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं तेव्हा तो ६५ वर थांबला, कारण आपण काय करतोय हेच तो विसरला होता. परीक्षेच्या हॉलमध्ये नेमकी हीच क्षमता लागते. शिवाय दिवसा वाचलेलं पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. रात्रभर जागून केलेली शेवटची चार प्रकरणं सकाळपर्यंत अर्धवटच राहतात, वर आधीची पक्की असलेलीही आठवायला वेळ लागतो.

आता कामांकडे. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण मुलं सगळ्यात जास्त इथे अडकतात आणि तेही अनेकदा विनाकारण.

तुझ्या डोक्यात ‘सगळं राहिलंय’ असं एक मोठं ढेकूळ आहे. ते कागदावर उतरव. एकाच बैठकीत, अर्धा तास, जे जे राहिलंय ते सगळं. ‘विज्ञानाचा प्रकल्प’ असं लिहू नकोस, त्यात नक्की काय राहिलंय ते लिही: निरीक्षणांचा तक्ता, दोन आकृत्या, निष्कर्षाचं पान. प्रत्येक ओळीसमोर दोन गोष्टी मांड, कधी द्यायचं आणि कोणाला द्यायचं. बहुतेक मुलांची यादी वाटली होती त्यापेक्षा छोटी निघते. काहींची मोठी निघते, पण तेही कळलेलं बरं. आणि जवळजवळ प्रत्येक यादीत दोन-तीन कामं अशी सापडतात, की ती अजून द्यायची आहेत का हेच त्या मुलाला माहीत नसतं.

ही कामं शोधणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्यांचं ओझं सगळ्यात जड असतं. तीन महिन्यांपूर्वीची वही द्यायची राहिली, मग शिक्षकांची नजर टाळायला सुरुवात झाली, मग विचारायची लाज वाटू लागली. जा आणि विचार. ‘सर, माझी ही वही अपुरी आहे. आता पूर्ण केली तर तपासाल का? सगळी शक्य नसेल तर कोणता भाग करू?’ एवढंच. कारणं सांगत बसू नकोस, रडकथा नको. मी शिक्षकांच्या खोलीत आयुष्य काढलंय, म्हणून खात्रीने सांगते: वर्षअखेरीला शिक्षकांनाही गुणांचे तक्ते पूर्ण करायचे असतात, रिकामी चौकट त्यांनाही नको असते. काही शिक्षक नाही म्हणतील. तसं झालं तर ते काम यादीतून खोडून टाक आणि पुढे जा. तेही एक सुटणंच आहे. पण हे शेवटच्या आठवड्यात विचारलंस तर मदत करायची इच्छा असलेल्या माणसालाही ती करता येत नाही. म्हणून हे याच आठवड्यात कर.

मग वेळेचा अंदाज. १९९४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळं बिघडत गेलं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमी पडला, आणि ही तर विद्यापीठातली मुलं होती. तेव्हा तुझा अंदाज चुकला तर तो तुझ्या एकटीचा स्वभावदोष नाही. उपाय साधा आहे: मनात आलेल्या वेळेला दीडने गुण, आणि ‘मागच्या प्रकल्पाला खरंच किती वेळ लागला होता’ हे आठव. पुढच्या वेळी मन लावून करेन, ही आशा हिशेबात धरू नकोस.

दिवस आखताना मी फक्त तीन गोष्टी ठरवायला सांगते: उठायची वेळ, दिवसातलं पहिलं काम, आणि काम थांबवायची वेळ. पहिलं काम आदल्या संध्याकाळीच ठरलेलं असावं, अगदी पान क्रमांकासकट, म्हणजे टेबलाशी बसल्यावर ‘आज काय करू’ या प्रश्नात अर्धा तास जात नाही. शाळा असेल त्या दिवशी हे पहिलं काम घरी आल्यावर, ती वीस मिनिटांची झोप झाली की लगेच. थांबवायची वेळ तितकीच महत्त्वाची. रात्री दहा म्हणजे दहा. त्यानंतर वही उघडायची नाही, काम अर्धं असलं तरी. रात्र अमर्याद आहे असं वाटलं की संध्याकाळ वाया जाते, हे मी इतक्या मुलांत पाहिलंय की आता मला त्याबद्दल शंका राहिलेली नाही. मधला वेळ मोकळा सोड. त्यात यादीतली दोन किंवा तीन कामं बसतील. दोनच झाली तर दोन. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेव. घसरलेली कामं तिथे येतील, येणारच आहेत.

उजळणी कशी करायची हे तू विचारलेलं नाहीस, तरी एक सांगते, कारण त्यात बराच वेळ वाचतो. धडा पुन्हा पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनाने ओळी आखणं यात काम झाल्याचं समाधान मिळतं, पण लक्षात कमी राहतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. ‘मला सगळं येत होतं आणि पेपरात आठवलं नाही’ असं जे होतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. म्हणून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिही, मग उघडून काय सुटलं ते बघ, आणि तोच धडा चार-पाच दिवसांनी पुन्हा तसाच घे. गणितात उत्तर झाकून गणित सोडवणं म्हणजे हेच.

फोनबद्दल मी लांबलचक बोलणार नाही, घरी बोलणारे पुष्कळ असतील. काम करताना तो दुसऱ्या खोलीत, आणि रात्री उशापासून दूर. गजरासाठी तोच लागत असेल तर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे बंद करायला उठावं लागेल.

म्हणजे आत्तापर्यंतचं असं: उठायची वेळ पक्की, संध्याकाळची लांब झोप बंद, कामांची खरी यादी, संशयातली कामं या आठवड्यात शिक्षकांना विचारून मार्गी लावायची, आणि रोज पहिलं काम व थांबायची वेळ ठरलेली. यातलं सगळं एकदम जमणार नाही. एकच जमणार असेल तर उठायची वेळ घे.

आता मैत्रिणीबद्दलचं ते वाक्य. तू ते घाईत लिहिलंस, पण मला वाटतं रात्रीच्या दोनमध्ये त्याचाही हात आहे. दिवसभर ज्या गोष्टीला जागा मिळत नाही ती रात्री अंथरुणावर येते. वर्ष संपतं तेव्हा एक अख्खी रोजची घडी मोडते: कुठल्या बाकावर कोण बसतं, मधल्या सुट्टीत कोणाशी बोलायचं, घरी जाताना कोण बरोबर असतं. यातली काही माणसं पुढच्या वर्षी रोज दिसणार नाहीत. मोठी माणसं याला ‘नवीन मित्र होतील’ म्हणून बाजूला सारतात. होतील, पण त्याने आत्ताचं दुःख खोटं ठरत नाही, आणि ते दुःख मोठं आहे.

त्याच्यासाठी वेळ काढ, आणि परीक्षा संपायची वाट बघू नकोस. पेपर संपल्यावर दोन दिवसांत सगळे पांगतात. ती रिकामी ठेवलेली संध्याकाळ आठवते का? एखाद्या आठवड्यात ती या मैत्रिणीसाठी वापर. दोघींनी बसून बोला, आणि जमलं तर पुढे कधी भेटणार, कसं बोलणार हे नक्की ठरवा. ‘आपण बोलत राहू’ असं सगळेच म्हणतात. ज्यांचं ठरलेलं असतं, महिन्यातला एखादा दिवस, एखादं सोबत करायचं काम, त्यांची मैत्री टिकलेली मी जास्त पाहिली आहे. तिलाही कदाचित तुझ्यासारखंच वाटत असेल आणि तीही वेळ नाही म्हणून गप्प असेल.

एका गोष्टीत मात्र हे सगळं पुरेसं नाही. दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, आधी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, जेवण सुटलं असेल, किंवा जगणं नको असं मनात येत असेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही. शेवटचा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी घरातल्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग. ‘परीक्षा होऊ दे मग बोलू’ असं ठरवून थांबलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या थांबण्याने त्यांचा त्रास वाढला. पेपर पुन्हा देता येतो. एका माणसाने नीट ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग.

राहता राहिलं शेवटच्या पेपरानंतरचं. त्या दिवशी खूप मोकळं वाटेल अशी अपेक्षा असते आणि बऱ्याच मुलांना उलट रितं, सुन्न वाटतं. दोन-चार दिवस भरपूर झोप येईल. झोप, ती साठलेली उसनवारी आहे. नंतर दुपारी बारापर्यंत लोळायची सवय लागू लागली तर सुट्टीपुरती फार चिंता करू नकोस, फक्त नवीन वर्ष सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी उठायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आण. घड्याळ हळूहळूच सरकतं. एका रात्रीत ते मागे येत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात पुन्हा तासांना पेंगायची वेळ येते.